मारबतीतले तेवीस डबे

“घेऊन जाय गे मारबत!”

“ढेकूण, मच्छर, ताप, खोकला घेऊन जाय गे मारबत!”

पोळ्याचा दुसरा दिवस नुकता उजाडत होता आणि अख्ख्या खैरटोल्यातली पोरं गल्लीबोळांतून बोंबलत निघाली होती. आदल्या संध्याकाळी दाराशी खोचलेल्या पळसाच्या फांद्या उपटायच्या, मोडकी केरसुणी, फाटकं सूप, फुटका माठ असं घरातलं जे जे नकोसं ते उचलायचं आणि गावाच्या शिवेबाहेर भिरकावून यायचं. गावची सगळी पीडा त्याच्याबरोबर जाते म्हणतात. पीडा जावो न जावो, शाळेला तीन दिवस सुट्टी होती आणि पहाटे पहाटे घसा फुटेपर्यंत ओरडलं तरी कोणी रागावत नव्हतं!

“उर्वशी, थांब व जराशी!” कलाबाईंनी मुलीला दारातच अडवलं. त्यांच्या हातात एक निळा डबा होता. “हे धानावर फवाराचं औषध. मुदत संपून दोन वर्षं झाली, अर्धं तसंच आहे. आंब्याखाली हातभर खड्डा कर अन् पुर. मंग जा. झाकण ढिल्लं आहे, सांभाळून!”

“आत्ता? आई, मारबत चालली ना!”

“मारबत कुठं पळून नाई जात. आधी हे काम.”

कलाबाई गोठ्याकडे वळल्या. उर्वशीनं डबा गोणपाटात गुंडाळला आणि आंब्याकडे पाहिलं. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला त्या वर्षी जन्मलेली ही मुलगी आता तेरा वर्षांची झाली होती. तिच्या जिभेलाही तेव्हापासूनच वेगळं राज्य मिळालंय, असं तिचे बाबा श्रावण म्हणायचे. जीभ चालायची भरभर, हात मात्र सवडीनं. आंब्याखाली चिखल होता, फावडं कुठं होतं देव जाणे, आणि कुंपणापलीकडून अंकुशचं तोंड डोकावत होतं.

“चाल ना व! सारे नाल्यापर्यंत पोचले!”

अंकुश अकरा वर्षांचा. त्याच्या घरी मारबत नव्हती. पणजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरानं हे सारं सोडलं होतं.

“तुले घरी बोलत नाई काय रे?” उर्वशीनं विचारलं.

“आई म्हणते, रोग औषधानं जाते, ओरडून नाई. मी म्हटलं, ओरडल्यानं घसा तं साफ होते! अन् बाबानं हा डबा देल्ला. म्हणे, चाललाच आहेस तं हे पण टाकून ये.”

त्याच्या हातात एक रिकामा पिवळा डबा होता. तो पाहिला आणि उर्वशीचं ठरलंच. खड्ड्यात पुरलं काय आणि शिवेबाहेर फेकलं काय, घरातून गेल्याशी मतलब! दोघं धावत सुटले. खैराच्या झाडाजवळ, नाल्याच्या काठाला गावची शीव होती. तिथं फांद्यांचा, सुपांचा, केरसुण्यांचा हा ढीग पडला होता. उर्वशीनं गोणपाटासकट डबा त्यावर भिरकावला आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडली, “घेऊन जाय गे मारबत!”

दुपारी पावसाची एक दणदणीत सर आली. संध्याकाळी ऊन पडलं, आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल मिरवत पोरं तलावाच्या पाळीवरून निघाली. पाळीवर म्हातारे तुलाराम ढिवर एकटेच बसून दगडावर काहीतरी कुटत होते. तलाव राखायचं काम त्यांच्याकडे, सोसायटीच्या मासळीचं बीज सोडायचं कामही त्यांच्याकडे. त्यांची नात रुचिता उर्वशीच्याच वर्गात, एकाच बाकावर.

“काय पाहून राहिली व पोरी?” तुलारामांनी विचारलं.

“काही नाई, आबाजी!” म्हणत उर्वशी बैल ओढत पुढं पळाली. ते काय कुटत आहेत हे विचारायला तिला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकुश धापा टाकत आला.

“उर्वशी! तलावातले माशे उलटे झाले!”

पाळीवर निम्मं गाव जमलं होतं. नाला जिथं तलावाला मिळतो त्या बाजूला, देवधानाच्या गवतात आणि कमळाच्या पानांमध्ये, पांढरी पोटं वर करून मासे तरंगत होते. वीस दिवसांपूर्वी सोडलेली रोहूची बोटभर पिल्लं तर मोजता येऊ नयेत इतकी. तुलाराम काठावर वाकून उभे होते. त्यांच्यासमोर हातभर लांबीची मरळ पडली होती. ही मासोळी पिल्लं मोठी होईपर्यंत त्यांच्या भोवती राखण करते, म्हणून पावसाळ्यात तिला कोणी धरत नाही. तिच्या शेजारी तिची लाल पिल्लं, मोहरीएवढी, सगळी निपचित.

“हे गेळफळाचं काम आहे!” सरपंच चंद्रकुमार गरजले. गेळाची फळं कुटून पाण्यात टाकली की मासे गुंगून वर येतात, हे झाडीपट्टीत शेंबड्या पोरालाही माहीत. “कोणीतरी फळं कुटून टाकली, मोठे माशे काढून घेतले अन् बारके मरू देल्ले. बोला! काल इकडं कोणाले पाहिलं कोणी?”

मोठी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होती. आणि उर्वशीला एकदम आठवलं! गावातल्या मोठ्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येतंय, हे असं आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. तिचा हात शाळेत वर जातो तसा वर गेला.

“मी पाहिलं, काका! तुलाराम आबाजी दगडावर काहीतरी कुटून राहिले होते. काल सांजच्याले. इथंच, पाळीवर!”

सगळ्या माना तुलारामांकडे वळल्या.

“अरे, त्या पळसाच्या मुळ्या होत्या जी,” तुलाराम म्हणाले. “डोंगा काठाले बांधाच्या दोरासाठी...”

पण ते कोण ऐकतं! “राखणाऱ्यानंच खाल्लं,” एक जण म्हणाला. “म्हाताऱ्याचं असं काम!” दुसऱ्यानं री ओढली. चंद्रकुमारांनी तिथल्या तिथं जाहीर केलं की उद्या दुपारी इथंच पाळीवर सभा होईल आणि तलावाची राखण तुलारामकडून काढून घेतली जाईल. मग त्यांनी उर्वशीच्या पाठीवर थाप मारली. “हुशार पोट्टी आहे श्रावणची! नजर आहे इची!”

ती थाप उर्वशीला फार गोड लागली. अगदी दोन क्षण. मग गर्दीतून तिला रुचिता दिसली. रुचिता रडत नव्हती, ओरडत नव्हती. ती फक्त उर्वशीकडे बघत होती, ओळखच नसल्यासारखी.

*

“चाल तिच्या घरी,” अंकुश म्हणाला.

“काय तोंड घेऊन जाऊ?”

“हेच तोंड घेऊन चाल. दुसरं आहे काय तुझ्याजवळ?”

ढिवर मोहल्ल्यात तुलारामांच्या घरासमोर वाळत घातलेलं जाळं तसंच होतं. म्हातारे उंबऱ्यावर बसले होते. पायाशी पळसाच्या मुळ्यांचा कुटलेला वाख आणि अर्धा वळलेला जाडजूड दोर. उर्वशीनं तो पाहिला आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते खरंच दोर करत होते. दोनच शब्द विचारायचे होते काल, ‘काय कुटता?’ एवढेच. तिनं विचारले नाहीत आणि आज सकाळी मात्र अख्ख्या गावासमोर तोंड उघडलं.

“आली काय पाहाले?” रुचिता दारातून म्हणाली. “पाहून घे. अन् जा मंग, सांग सरपंचाले, म्हातारा अजूनही कुटून राहिला म्हणा!”

“रुचिता, मी... मी खोटं नाई बोलली व.”

“मी कुठं म्हणते खोटं बोलली? एक बार विचारलं असतं आबाजीले, तं काय जीभ झिजत होती तुझी?”

माफी मागायची सोडून उर्वशी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली.

“भांडू नका व पोरींनो,” तुलाराम हळूच म्हणाले. “मले एकच गोष्ट समजून नाई राहिली. मी कुटलं ते पाळीवर. पाळीजवळचा एकही माशा नाई मेला. मेले ते नाल्याच्या तोंडचे. तिथंच सारे माशे पिल्लं घालतात, गवतात. जहर पाण्यासंग वरून आलं.”

“म्हणजे नाल्यातून!” अंकुश टुणकन उठला. “चला मंग, पाहून येऊ!”

“पाण्यात पाय घालू नका. काठाकाठानं जा,” तुलारामांनी बजावलं.

रुचिता लगेच निघाली. “पण ही नको,” ती उर्वशीकडे न बघता म्हणाली.

“हो, ही नको,” अंकुशनं मान डोलावली आणि उर्वशीला मागून हातानं खूण केली की ये गुपचूप. पुढं रुचिता आणि अंकुश, मागं दहा पावलांवर उर्वशी, अशी ती वरात नाल्याच्या काठानं निघाली.

“बेडूक एक!” अंकुशनं काठीनं दाखवलं. बेडूक उताणा पडला होता. “बेडूक दोन, तीन... हा खेकडा. इथं डोक बगळा बसून आहे पण खाऊन नाई राहिला. बगळ्यालेही समजते बे, गावाले समजत नाई!”

“वास पाय कसा येऊन राहिला,” रुचिता म्हणाली. “धानावर फवारतात तसा.”

तो वास उर्वशीलाही आला. आणि समोर खैराचं झाड दिसलं तेव्हा ती दहा पावलांची वीस पावलं मागं पडली.

कालच्या सरीनं मारबतीचा ढीग पार चपटा केला होता. नाल्याचं पाणी काठ सोडून थेट ढिगातून वाहिलं होतं. पळसाची पानं, केरसुण्या, सुपं वाहून गेली होती किंवा काट्यांत अडकली होती. आणि त्यांच्यामधून उघडे पडले होते डबे. पिवळे, पांढरे, हिरवे, काळे. कोणाचं झाकण उडालेलं, कोणाचा तळ चिरलेला.

“एकवीस, बावीस, तेवीस!” अंकुशनं लांबूनच मोजले. “अरे बाप रे! पूर्ण गावानं पीडेसंग जहरही टाकलं.”

“कोणाचे आहेत हे?” रुचिता ओरडली.

“एक आमचा,” अंकुश लगेच म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता, पण त्यानं बोट लांबवलं. “तो पिवळा. मीच टाकला, बाबानं देल्लेला.”

उर्वशी एका निळ्या डब्याकडे बघत होती. गोणपाट बाजूला पडलं होतं. डबा आडवा, तोंड नाल्याकडे, झाकण नाही. बाकीच्या डब्यांत तळाशी चार थेंब असतील नसतील. या एकातच अर्धा डबा औषध होतं, आणि आता त्यात काहीच नव्हतं.

“अन् तुमचा?” रुचितानं पहिल्यांदाच वळून विचारलं.

“आमचा?” उर्वशीची जीभ तिच्या आधी धावली. “आमचा डबा... आईनं आंब्याखाली पुराले सांगितला होता.”

शब्द न् शब्द खरा! आईनं सांगितलं तर होतंच. रुचितानं मान हलवली, तिला ते पटलं. विश्वास ठेवला तिनं, सकाळी एवढं होऊनसुद्धा! उर्वशीला स्वतःची इतकी लाज वाटली की तिथंच त्या चिखलात गाडून घ्यावंसं वाटलं. आता बोल, आत्ता बोल, असं ती मनात म्हणत राहिली आणि परतीची अख्खी वाट संपली.

*

अंकुशची आई मालनबाई गावची आशा कार्यकर्ती. पोरांनी सांगितलं तसं तिनं हातातलं काम टाकलं. आधी तिनं आरोग्य केंद्राला फोन लावला, मग गुराख्यांना गाठून तलावावर ढोरं न्यायची बंद केली, बायकांना धुणं-आंघोळीला मनाई केली. मग हातमोजे चढवून, तोंडाला रुमाल बांधून ती स्वतः नाल्यावर गेली. बांबूच्या चिमट्यानं एकेक डबा उचलून तिनं खताच्या रिकाम्या पोत्यांत भरला. पोरांना तिनं वीस हात लांब उभं केलं होतं.

“आता गावाले सांगू ना मावशी?” रुचितानं विचारलं. “उद्या सभा आहे. आबाजीची राखण चालली!”

“सांगून पाय,” मालनबाई म्हणाली. “हे डबे कोणाचे म्हटलं की सारे म्हणतील, आमचा नोहे. तेवीस डबे अन् मालक एकही नाई. मंग फिरून सारं तुझ्या आबाजीवरच येईन.”

अंकुशचे डोळे चमकले.

“नोहे म्हणतील ना? अन् त्यांनीच येऊन माझा-माझा म्हटलं तं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकुश गावभर हिंडला. किराणा दुकानात तो अगदी साळसूदपणे म्हणाला, “काका, औषधाच्या जुन्या डब्यावर नवा फवारणी पंप भेटते म्हणतात. खरं काय जी?”

“कोण म्हणते?”

“मी तं विचारून राहिलो!”

हाच प्रश्न त्यानं पिठाच्या गिरणीत विचारला, हातपंपावर विचारला, न्हाव्याकडे दाढी करून घेणाऱ्या दोघांना विचारला. एक शब्द खोटा बोलला नाही पठ्ठ्या! अकरा वाजता तो घरी येत होता, तर शेजारच्या सुंदरबाईंनी त्यालाच हाक मारली.

“अंकुश! तुले माहीत नाई काय रे? दोन डब्यांवर एक पंप! लाखनीचा साहेब स्वतः येऊन राहिला. मारबतीतले डबे पाळीवर मांडून ठेवले म्हणते. तुझ्या बापाले सांग, नाईतं राहून जाईन!”

“सांगतो ना मावशी!” अंकुश म्हणाला आणि पोट धरून हसायला घराच्या मागं पळाला.

उर्वशीला हसू आलं नाही. तिनं रात्री जेवण टाकलं होतं, सकाळची न्याहारीही तशीच ठेवली होती. कलाबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

*

दुपारी पाळीवर जत्राच लोटली. पोत्यांवर डबे ओळीनं मांडलेले, आणि समोर मालनबाई हातमोजे घालून उभी.

“हात कोणी लावायचा नाई!” ती म्हणाली. “आपला डबा ओळखा अन् त्याच्या मागं उभे राहा.”

“हे तीन माझे!” सगळ्यांच्या आधी सरपंच चंद्रकुमारच सरसावले. “एवढं भारी औषध गावात दुसरं कोण वापरते?”

“हा हिरवा माझा!” परसराम पाटलांनी जागा धरली.

“तुमचा कसा जी?” सीताबाई पदर खोचून पुढं आल्या. “त्याचा कोपरा पाहा, माझ्या म्हशीनं दाबला आहे तो!”

“म्हशीले बोलवा मंग साक्ष द्याले!”

हशा पिकला. बघता बघता ओळ भरली. एका डब्यामागं दोघं-दोघं भांडत होते. अंकुशचे बाबासुद्धा आपल्या पिवळ्या डब्यामागं येऊन उभे राहिले आणि मालनबाईनं असं काही पाहिलं त्यांच्याकडे की ते आभाळ न्याहाळायला लागले.

“चला, पंप काढा आता,” सरपंच म्हणाले. “साहेब कुठं आहे?”

“कोणता पंप, काका?” रुचिता पुढं झाली. तिचा आवाज खणखणीत होता. “पंप आहे असं कोण म्हटलं तुम्हाले?”

“अंकुश म्हणे...”

“मी तं विचारलं होतं जी!” अंकुश मागून ओरडला.

“हे डबे आम्हाले नाल्यात भेटले,” रुचिता बोलत राहिली. “तुम्ही सारे म्हणता तुमचेच आहेत. परवा मारबतीत टाकले, दुपारी पाणी आलं, सारं जहर धुऊन तलावात गेलं. नाल्यातले बेडूक मेले, खेकडे मेले, मंग माशे मेले. पाळीजवळ एकही नाई मेला, जाऊन पाहून घ्या! गेळफळ माझ्या आबाजीनं टाकलं काय अजून?”

लोक आपापल्या डब्यांकडे पाहू लागले. मागं सरकावं तर आत्ताच सगळ्यांसमोर छातीठोकपणे ‘माझा’ म्हणून झालं होतं. सीताबाई परसरामांना हळूच म्हणाल्या, “घ्या, तुमचाच असन बाई तो.” या वेळी कोणी हसलं नाही. चंद्रकुमारांनी मान खाली घातली. तुलाराम सभेसाठी आले होते, ते गर्दीच्या कडेला काठीवर हनुवटी टेकून उभे होते.

“अन् हा कोणाचा?” मालनबाईनं निळ्या डब्याकडे बोट केलं. बावीस डब्यांमागं माणसं होती. निळ्यामागं कोणी नव्हतं. “सगळ्यात जास्त यातूनच गेलेलं दिसते.”

उर्वशीनं आईकडे पाहिलं. कलाबाई त्या डब्याकडे टक लावून बघत होत्या. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि गर्दीतून वाट काढत, खाली मान घालून, त्या निळ्या डब्याकडे चालू लागल्या.

आई माझ्या डब्यामागं उभी राहायला निघाली! दोन दिवस अडकून पडलेले पाय सुटले. ती धावली आणि आईच्या आधी डब्यामागं जाऊन उभी राहिली.

“हा माझा आहे!”

“उर्वशी, चूप,” कलाबाई पुटपुटल्या.

“नाई आई. आईनं मले पुराले सांगितला होता. मी कंटाळा केला अन् मारबतीत टाकला. अर्धा भरून होता.” आता थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. “काल नाल्यावर मी ओळखला तरी रुचिताले सांगितलं नाई. अन्... अन् तुलाराम आबाजी पळसाच्या मुळ्याच कुटत होते. मी विचारलंच नाई. न विचारता त्यांचं नाव घेतलं. माशे मी मारले अन् नाव त्यांचं घेतलं.”

रुचितानं तोंड फिरवलं. ते उर्वशीला सगळ्यांत जास्त लागलं.

चंद्रकुमारांनी खाकरून घसा साफ केला. आपल्या तीन डब्यांमागून बाहेर पडायला त्यांना हीच वाट सापडली. “शाब्बास!” ते म्हणाले. “कबूल कराले हिंमत लागते. या तिघा पोट्ट्यांनी गावाचे डोळे उघडले. वाजवा टाळ्या!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंकुशनं दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला. उर्वशीला मात्र ती प्रत्येक टाळी नकोशी झाली. कोणीतरी आपल्याला रागवावं, एक थोबाडीत द्यावी, असं तिला मनापासून वाटत होतं. ते कोणी करेना!

“तुलारामभाऊ,” सरपंच शेवटी म्हणाले, “चुकलं आमचं. राखण तुमचीच.”

तुलारामांनी काठीवरची हनुवटी उचलली. मग म्हणाले, “राखण एकट्याची राहाते काय जी? उद्या सकाळी फावडे घेऊन या सारे. नाल्याचं तोंड मातीनं बांधा लागते, ढिगाखालची माती उकरा लागते. अजून एक सर आली तं उरलंसुरलं जहरही आत येईन.”

माणसं पांगली. रुचिता उर्वशीच्या जवळून गेली, थांबली, पण तिच्याकडे न बघताच बोलली.

“मेलेले माशे काढाचे आहेत अजून. उद्या टोपली घेऊन ये. अन् हातमोजे माग मालनमावशीले.”

बस, एवढंच.

*

दुसऱ्या दिवशी गाव आलं. सरपंचही आले, फावडं घेऊन. नाल्याचं तोंड बांधलं, ढिगाखालची काळी पडलेली माती उकरून पोत्यांत भरली. तालुक्याच्या कृषी कार्यालयातून गाडी आली आणि डबे, पोती घेऊन गेली. आरोग्य केंद्राच्या माणसानं बाटल्यांत पाणी भरून नेलं. पुढच्या वर्षी मारबत निघेल, पण डबे तिच्यात जायचे नाहीत, असं बायकांनीच ठरवलं.

शाळा सुरू झाली तरी उर्वशी रोज सकाळी तलावावर येत राहिली. लांब दांड्याच्या जाळीनं ती मेलेले मासे ओढायची, टोपलीत भरायची आणि पाळीपलीकडच्या खड्ड्यात पुरायची. रुचिता शेजारी तेच काम करायची. पहिले चार दिवस ती ‘टोपली सरकव’ याच्यापलीकडे काही बोलली नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, “गणिताचा गृहपाठ झाला काय तुझा?” उर्वशीला इतकं बरं वाटलं की झालेला असूनही ती आधी “नाई” म्हणून बसली.

आठव्या दिवशी लाखनीचा मासळीचा व्यापारी मोटारसायकलवरून आला. खैरटोल्याची मासळी दर वर्षी तोच न्यायचा. पाळीवर उभा राहून त्यानं नाल्याकडची मोकळी पडलेली बाजू पाहिली, तशी कपाळावर आठ्या घातल्या.

“तुलारामजी, हे काय झालं? म्हणे कोणीतरी जहर टाकलं. कोण होता तो?”

तुलाराम पाळीवर जाळ्याची गाठ सोडवत बसले होते. उर्वशी पाच हातांवर टोपली घेऊन उभी होती. आता नाव येणार. यायलाच हवं होतं. तिनं डोळे खाली केले आणि वाट पाहू लागली.

“पाणी बिघडलं होतं,” तुलाराम म्हणाले.

“ते दिसून राहिलं हो. पण बिघडवलं कोणी? नाव सांगा ना!”

तुलारामांनी गाठ सोडवली, पुढची हातात घेतली.

“गावानं बिघडवलं, गाव निस्तरून राहिलं. नावाचं काय करता जी तुम्ही? त्या तिकडच्या अंगाले मरळीचं एक जोडपं वाचलं आहे, पिल्लं आहेत संग. ते पाहाचं असन तं चला, डोंगा काढतो. अन् या पोट्ट्या पाहा आमच्या. रोज सकाळी येतात, न बोलावता. अशा पोट्ट्या असल्या तं तलाव मरत नसते.”

व्यापारी दोघींकडे पाहून हसला, शाब्बास म्हणाला आणि डोंग्याकडे गेला.

उर्वशी जागची हलली नाही. तिनं या माणसाचं नाव किती पटकन घेतलं होतं! कोणी नीट विचारायच्या आधी, हात वर करून, अख्ख्या गावासमोर. आणि त्यांना समोरून, दोनदा विचारलं, तरी त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. तिच्या डोळ्यांतलं पाणी गालांवर उतरलं. ते पुसायलाही हात मोकळे नव्हते.

“आबाजी,” ती कशीबशी म्हणाली, “मले माफ करा.”

“बरं,” तुलाराम म्हणाले. त्यांनी जाळं खांद्यावर टाकलं आणि डोंग्याकडे निघाले.

रुचितानं टोपलीचा दुसरा कान धरला. दोघींनी ती उचलली आणि खड्ड्याकडे नेली.